आठ बाइटांची काटकसर: लिनक्स कर्नलमधल्या फाइलींचा मेमरी-हिशेब

मागे माझ्याकडे एक मेल सर्व्हर सांभाळायला होता. मेमरी १६ जीबी, काम साधं: येणारा प्रत्येक मेल एकेका फाइलीत ठेवायचा. वर्षानुवर्षं साठत जाऊन फाइलींची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली होती. रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा आणि सकाळी बघावं तर पाच जीबी मेमरी वापरात दिसायची. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची बेरीज केली तरी तिचा हिशेब लागेना.

उत्तर मिळालं ते 'स्लॅबटॉप' या कमांडमधून. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, स्वतःसाठी कुठल्या कामाला किती मेमरी घेतली आहे, ते ती दाखवते. पहिल्या दोन ओळींतच सगळं होतं: एकीत एक्स्ट४ या फाइलसिस्टिमचे (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचे) आयनोड, दुसरीत डेंट्री. दोन्हींची संख्या चाळीस लाखांच्या आसपास. बॅकअपने रात्रभर एकेका फाइलीला हात लावला होता आणि कर्नलने प्रत्येक फाइलीची नोंद जवळ ठेवून दिली होती, पुन्हा लागली तर डिस्कवर जायला नको म्हणून.

आयनोड म्हणजे फाइलीचं ओळखपत्र. मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्यात असतं. नाव मात्र नसतं. नाव आणि आयनोड यांची गाठ मारून देणारी वेगळी वस्तू असते, ती डेंट्री. 'या फोल्डरमध्ये या नावाने जे आहे, ते म्हणजे हा आयनोड' एवढंच ती सांगते. नसलेल्या नावाचीही डेंट्री बनते. एखादा प्रोग्राम एकच लायब्ररी (तयार कोडची फाइल) दहा फोल्डरांत शोधतो तेव्हा नऊ ठिकाणी 'इथे नाही' असं उत्तर मिळतं, आणि कर्नल ते 'नाही'सुद्धा लक्षात ठेवतं.

एक्स्ट४ चा आयनोड डिस्कवर साधारणपणे २५६ बाइटांचा असतो. मेमरीत आला की तोच हजार बाइटांच्या वर जातो, कारण तिथे त्याला लॉक (एका वेळी एकानेच बदल करावा म्हणून कुलपं) लागतात, निरनिराळ्या याद्यांत अडकवायला पॉइंटर (दुसऱ्या वस्तूचे मेमरीतले पत्ते) लागतात, फाइलीचा कुठला भाग मेमरीत आहे याचा हिशेब लागतो. नेमका आकडा कर्नलची आवृत्ती आणि बांधणी यांनुसार बदलतो. आपण १०८० बाइट धरू. डेंट्री ६४-बिट मशिनवर १९२ बाइटांची. आता गुणाकार करा. चाळीस लाख गुणिले १०८० म्हणजे सुमारे ४.३ जीबी, आणि चाळीस लाख गुणिले १९२ म्हणजे आणखी पाऊण जीबी. माझे हरवलेले पाच जीबी ते हेच.

ही मेमरी वाया गेलेली नसते. दुसऱ्या कुणाला गरज पडली की कर्नल जुन्या नोंदी टाकून जागा मोकळी करतं. म्हणून दर रात्री क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून सगळी कॅश, म्हणजे जवळ ठेवलेल्या या नोंदी, पुसून टाकण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो मला पटत नाही. त्याने सकाळचा पहिला तास प्रत्येक फाइलीसाठी डिस्कवर खेपा होतात. पण नोंद जितकी लहान, तितक्या जास्त नोंदी त्याच मेमरीत मावतात आणि तितक्या कमी वेळा डिस्कवर जावं लागतं, हे खरंच आहे. म्हणूनच लिनक्सवर काम करणारी माणसं गेली वीस वर्षं या एका वस्तूतून आठ-आठ, सोळा-सोळा बाइट काढत बसली आहेत. त्यांचं हे काम मला फार आवडतं.

ही बचत सरळ रेषेत मिळत नाही, आणि ते कळायला या वस्तू मेमरीत कशा ठेवतात ते बघावं लागेल. एकाच मापाच्या लाखो वस्तू लागणार असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी जागा शोधत फिरायचं नाही. एक मोठा तुकडा घ्यायचा, त्याचे सारखे कप्पे पाडायचे आणि मागेल तसा एकेक कप्पा द्यायचा. या पद्धतीला स्लॅब म्हणतात. जेफ बॉनविक यांनी ती सन या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवली आणि १९९४ मध्ये मांडली. लिनक्सनेही ती घेतली.

अंड्यांचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. ३२ केबीचा, म्हणजे ३२,७६८ बाइटांचा तुकडा घेतला आणि आयनोड १०८० बाइटांचा असेल, तर एका ट्रेमध्ये बरोबर ३० आयनोड बसतात, बाजारातल्या ट्रेमधल्या अंड्यांइतकेच. ३६८ बाइट कडेला उरतात. आता कुणी मेहनत करून आयनोड १६ बाइटांनी लहान केला. झाला १०६४ चा. ट्रेमध्ये किती बसतील? तीसच. उरलेली जागा वाढली, पण मेमरी एका बाइटनेही वाचली नाही. आणखी आठ बाइट काढले, १०५६ वर आणलं, की एकतिसावा बसतो. चाळीस लाख आयनोडांसाठी तेव्हा ४,३०१ ट्रे कमी लागतात, म्हणजे सुमारे १४० एमबी वाचतात. पहिल्या सोळा बाइटांचं फळ शून्य, पुढच्या आठांचं १४० एमबी. पण ते सोळा आधी काढले नसते तर या आठांनीही काही साधलं नसतं, म्हणून 'एवढ्याशा बाइटांनी काय होणार' असं म्हणून कुठलाही बदल परतवता येत नाही.

ट्रेची दुसरी अडचण परत करताना येते. तीसपैकी एकोणतीस अंडी संपली आणि एक उरलं, तरी ट्रे दुकानदाराला देता येत नाही. स्लॅबचंही तसंच. एखादी फाइल उघडी असेल तर तिचा आयनोड हलत नाही, आणि त्या एकासाठी अख्खा ३२ केबीचा तुकडा अडकून पडतो. फाइलीची डेंट्री तिच्या फोल्डरच्या डेंट्रीला धरून ठेवते, ती वरच्या फोल्डरच्या डेंट्रीला, अशी ही साखळी वरपर्यंत जाते.

आता खुद्द आयनोडमध्ये डोकावू. त्याला एखादा सरकारी फॉर्म समजा, ज्यात ठरावीक रकाने आहेत. पहिले पाच रकाने असे: फाइलीचा प्रकार आणि परवानग्या २ बाइट, कर्नलच्या आतल्या काही खुणा २ बाइट, मालक ४, गट ४, आणखी खुणा ४. बेरीज १६. हा क्रम मुद्दाम असा लावलेला आहे. ६४-बिट प्रोसेसरवर आठ बाइटांची वस्तू ठेवायची तर तिचा पत्ता आठाच्या पाढ्यातला असावा लागतो, चार बाइटांची असेल तर चाराच्या पाढ्यातला. दोन बाइटांचा रकाना आधी लिहिला आणि लगेच आठ बाइटांचा पॉइंटर लिहिला, तर मध्ये सहा बाइटांचं भोक पडतं. तिथे काहीच लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक फाइलीमागे त्याची जागा मोजून जाते. कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशिनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, रकान्यांचा क्रम आपणहून बदलत नाही. तो माणसानेच लावायचा. हे काम सोपं व्हावं म्हणून ब्राझीलच्या आर्नाल्डो कार्वाल्हो दि मेलो यांनी 'पाहोल' नावाचं साधन लिहिलं. अशा रकान्यांच्या कुठल्याही फॉर्ममध्ये, म्हणजे स्ट्रक्चरमध्ये, कुठे किती बाइटांचं भोक आहे, ते रकान्यागणिक छापून देतं.

काही भोकं पाहोललाही दिसत नाहीत, कारण ती रकान्याच्या आतच लपलेली असतात. आयनोडमध्ये तीन वेळा लिहिलेल्या असतात: शेवटचं वाचन, मजकुरातला शेवटचा बदल, आणि आयनोडमधला शेवटचा बदल. प्रत्येक वेळेचे दोन भाग, सेकंद आणि नॅनोसेकंद. सेकंदांना आठ बाइट हवेतच. चार बाइटांत २०३८ साली मोजणी संपते. पण नॅनोसेकंदांचा आकडा शंभर कोटींच्या वर जाऊच शकत नाही, त्याला चार बाइट पुरून उरतात. तरीही वेळ लिहायचा जो ठरलेला साचा होता, त्यात नॅनोसेकंदांनाही आठ बाइट दिलेले होते. एक वेळ १६ बाइट, तीन वेळा ४८. जेफ लेटन यांनी साचा बाजूला ठेवला आणि सेकंद व नॅनोसेकंद सुटे सुटे लिहिले: तीन आठे चोवीस, तीन चोक बारा, एकूण ३६. बारा बाइट सुटले, आणि आजूबाजूची जुळवाजुळव करून आयनोड प्रत्यक्षात आठ बाइटांनी लहान झाला. २०२४ मध्ये हा बदल कर्नलमध्ये गेला.

त्या बदलासोबत लेटन यांनी लिहिलेली एक गोष्ट मला खुद्द बचतीपेक्षा मोलाची वाटते. आठ बाइट निघाल्यावर पुढचे सगळे रकाने आठ घरं मागे सरकले, आणि आयनोडचा एक महत्त्वाचा लॉक आधीच्या कॅशलाइनमध्ये जाऊन पडला. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही. बहुतेक प्रोसेसरांवर ६४ बाइटांची एक ओळ एकदम उचलतो, तिला कॅशलाइन म्हणतात. लॉक आणि त्या लॉकने राखलेले रकाने एकाच ओळीत असले की एका खेपेत काम होतं. लॉक एका ओळीत आणि रकाने दुसऱ्या ओळीत गेले की प्रत्येक वेळी दोन खेपा. मेमरी वाचली, पण वेग गेला. म्हणून त्यांनी दुसरा एक चार बाइटांचा रकाना उचलून लॉकच्या वर ठेवला आणि लॉकला पुन्हा आपल्या रकान्यांशेजारी आणलं. त्या खटपटीत चार बाइटांचं एक नवं भोक दुसरीकडे उरलं, ते त्यांनी राहू दिलं. स्वयंपाकघरात डबे लावताना जागा वाचवायची म्हणून मीठ माळ्यावर ठेवत नाहीत, तशातला हा विचार.

भोकं बुजवणं ही झाली आवराआवर. खरी मोठी बचत वेगळ्याच प्रश्नातून होते: हा रकाना प्रत्येक फॉर्मवर हवाच कशाला?

२००६ मध्ये थिओडोर त्सो यांनी बदलांची एक मालिका पाठवली आणि तिला नावच दिलं 'आयनोड डाएट'. तेव्हा प्रत्येक आयनोडमध्ये 'या फाइलीशी व्यवहार करताना किती मापाचे घास घ्यावेत' हे सांगणारा एक रकाना होता, ६४-बिट मशिनवर आठ बाइटांचा. तो विचारला जायचा फक्त कुणी फाइलीची माहिती मागितली तर, आणि बहुतेक फाइलसिस्टिमांसाठी त्याचं उत्तर आयनोडमधल्याच दुसऱ्या आकड्यावरून काढता येत होतं. त्सो यांनी रकाना काढून टाकला. विचारलं की हिशेब करून सांगायचं. ज्या मोजक्या फाइलसिस्टिमांचं उत्तर वेगळं असेल, त्यांनी ते त्या वेळी आपलं आपण द्यायचं.

त्याच मालिकेतला दुसरा बदल आपल्या फॉर्मांच्या सवयीचा आहे. 'वडिलांचे / पतीचे नाव, लागू नसेल ते खोडावे' ही ओळ आठवते ना? एकाच ओळीवर दोन्हींचं काम भागतं. आयनोडमध्ये पाइपसाठी (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या नळीसाठी) एक पॉइंटर होता, डिस्कसारख्या ब्लॉक डिव्हाइससाठी दुसरा, टर्मिनलसारख्या कॅरॅक्टर डिव्हाइससाठी तिसरा. आता एकच फाइल पाइपही आहे आणि डिस्कही आहे, असं कधीच होत नाही. ती कुठल्या प्रकारची आहे हे पहिल्या रकान्यात लिहिलेलंच असतं. मग तिघांना मिळून एक ओळ पुरे. सी भाषेत याला युनियन म्हणतात. तीन पॉइंटरांच्या चोवीस बाइटांचं काम आठ बाइटांत झालं. आपल्या साध्या फाइलीला तर यातला एकही पॉइंटर लागत नव्हता, तरी ती तिन्हींची जागा अडवून बसायची.

पण 'खोडावे'ची ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हे लिनक्सने त्याआधीच अनुभवलं होतं. २.४ आवृत्तीपर्यंत प्रत्येक फाइलसिस्टिमची खासगी माहिती आयनोडच्या पोटातल्या एकाच मोठ्या युनियनमध्ये असायची. युनियनची जागा तिच्यातल्या सर्वांत मोठ्या सभासदाएवढी ठेवावी लागते. म्हणजे एका फाइलसिस्टिमला भरपूर माहिती ठेवायची असेल, तर जिला जवळपास काहीच ठेवायचं नाही तिच्या आयनोडनेही तेवढीच जागा घ्यायची. सगळे रकाने सारख्या मापाचे असतील तेव्हा युनियन फायद्याची, मापं कमीजास्त असतील तेव्हा सगळ्यांना सर्वांत मोठ्याचा खर्च. २.५ च्या काळात मांडणी उलटी केली गेली. आता प्रत्येक फाइलसिस्टिम आपला आयनोड आपण बनवते आणि सर्वांसाठी समान असलेला भाग त्याच्या आत बसवते. एक्स्ट४ चा आयनोड हजार बाइटांच्या पुढे जातो, पण त्याचं ओझं दुसऱ्या कुणावर पडत नाही.

सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरचे सभासद विचारतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, तिचा खर्च आम्ही का भरायचा? सोसायटीत तो वाद मिटणं कठीण. कर्नलमध्ये मात्र तो बाइटागणिक मिटवता येतो, आणि अलीकडची दोन कामं नेमकी तीच आहेत.

पहिलं आयनोडवरचं नाही, उघडलेल्या फाइलीवरचं आहे. कुठल्याही प्रोग्रामने फाइल उघडली की कर्नल एक 'फाइल' स्ट्रक्चर बनवतं. वाचन कुठपर्यंत आलं वगैरे त्यात असतं. त्यात ३२ बाइट 'या फाइलीत काही घडलं तर कुणाला सिग्नल पाठवायचा' यासाठी राखलेले होते. ही सोय फार थोडे प्रोग्राम वापरतात. ख्रिश्चन ब्राउनर यांनी २०२४ मध्ये ते ३२ बाइट बाहेर काढले आणि जागी आठ बाइटांचा पॉइंटर ठेवला. सोय मागितली तरच तेवढी जागा घ्यायची, नाहीतर पॉइंटर रिकामा. अशा बऱ्याच बदलांनी ६.१२ आवृत्तीत हे स्ट्रक्चर २३२ बाइटांवरून १८४ वर आलं. ते कॅशलाइनच्या मापाने ठेवतात, म्हणजे २३२ ला चार ओळी लागायच्या, २५६ बाइट. १८४ तीन ओळींत बसतं, १९२ बाइट. मेमरीच्या चार केबीच्या तुकड्यात, म्हणजे पानात, आधी सोळा मावायची, आता एकवीस.

दुसरं काम एरिक बिगर्स यांचं, २०२५ मधलं. प्रत्येक आयनोडमध्ये दोन पॉइंटर होते: एक फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिच्या किल्लीच्या माहितीसाठी, दुसरा फाइलीत कुणी फेरफार केलेला नाही हे पडताळण्यासाठी. एक्स्ट४ सारख्या थोड्या फाइलसिस्टिमाच या सोयी देतात. नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या एनएफएसला त्या नाहीत, तरी तिच्याही प्रत्येक आयनोडमागे सोळा बाइट जात होते. कर्नल बांधताना ही सोय बंद केली की रकाना नाहीसा होतो, हे खरं. पण उबुंटू, फेडोरासारखं तयार लिनक्स देणारे लोक सर्वांसाठी एकच कर्नल बांधतात आणि त्यात जवळपास सगळं चालू ठेवतात. त्यामुळे 'हवं तर बंद करा' या सवलतीचा सामान्य वापरणाऱ्याला उपयोग नसतो. ६.१८ पासून हे दोन्ही पॉइंटर समान भागातून निघून ज्या फाइलसिस्टिमांना हवे त्यांच्या स्वतःच्या आयनोडमध्ये गेले. ते कुठल्या घरात आहेत हे ती फाइलसिस्टिम कर्नलला एकदाच सांगून ठेवते.

शेवटी डेंट्रीकडे येतो, कारण इथे आपल्या लिपीचा थेट संबंध आहे. डेंट्रीचे १९२ बाइट म्हणजे बरोबर तीन कॅशलाइन. सगळे जरुरीचे रकाने भरल्यावर जी जागा उरते ती वाया न घालवता फाइलीचं नाव तिथेच लिहिलं जातं. ६४-बिट मशिनवर ही जागा अनेक वर्षं ३२ बाइट होती, नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटसह. नाव त्यात मावलं नाही तर त्याच्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा लागतो आणि नाव जुळवताना प्रोसेसरला तिकडे जादा खेप पडते.

रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'महाराष्ट्र' लिहून मोजा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा चिन्हं, तीस बाइट. पुढे पीडीएफचं टिंब आणि तीन रोमन अक्षरं धरली की चौतीस. ३२ च्या जागेत हे नाव मावत नव्हतं. एवढ्या छोट्या नावासाठीही कर्नलला ६४ बाइटांचा जादा तुकडा काढावा लागायचा.

२०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ६.८ आवृत्तीत अल व्हायरो यांनी फोल्डरातल्या मुलांची, म्हणजे आतल्या फाइली-फोल्डरांची, यादी ठेवायची पद्धत बदलली. आधी प्रत्येक डेंट्रीत यादीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक असे दोन पॉइंटर होते. शेवटचं टोक कामाचं नव्हतं. एकाच पॉइंटरवर यादी चालते. आठ बाइट सुटले. डेंट्री मात्र १९२ बाइटांचीच राहिली, कारण तीन ओळींचं माप मोडायचं नव्हतं. ते आठ बाइट नावाच्या जागेला मिळाले आणि ती ३२ ची ४० झाली. देवनागरीची दहा चिन्हं मावत होती, आता तेरा मावतात, आणि 'महाराष्ट्र'ची पीडीएफ डेंट्रीच्या आतच बसते. 'महाराष्ट्राचा इतिहास' या नावाला मात्र मधल्या मोकळ्या जागेसह अठ्ठावन्न बाइट लागतात. त्याच्यासाठी अजूनही वेगळा तुकडा निघतो.